डोंगरावरचा चौथा गडी

वाचकाचे पत्र, थोडक्यात: देवगड तालुक्यातील एका गावात राहणाऱ्या २२ वर्षांच्या तरुणाचे हे पत्र आहे. घरची आंब्याची बाग सांभाळून तो रात्री तीन मित्रांबरोबर ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’, म्हणजे बीजीएमआय, हा शेवटपर्यंत टिकणारा संघ जिंकतो असा मोबाइलवरचा लढाईचा खेळ खेळतो. मित्रांपैकी एक गावातच आहे, एक रत्नागिरीला शिकतो आणि एक मुंबईला नोकरीला आहे. लांब पल्ल्याची बंदूक चालवणे आणि संघाच्या पुढे जाऊन टेहळणी करणे, ही दोन्ही कामे त्याच्याकडे आहेत. तो लिहितो, की चौघांत नेम त्याचाच सर्वांत चांगला, बहुतेक सामन्यांत शेवटपर्यंत जिवंतही तोच राहतो, तरी हरल्यावर बोलणी त्यालाच खावी लागतात. ‘तू थंय डोंगरार बसान एकटोच खेळतंस, आनि आमी हंय मरतंव,’ असे मित्र म्हणतात. गणपतीनंतर तालुक्याच्या गावी एक स्पर्धा आहे. स्नायपर सोडून रायफल घे आणि आमच्याबरोबर पुढे ये, नाहीतर नव्या एका मुलाला तुझी जागा दे, असा मित्रांचा आग्रह आहे. भूमिका सोडावी, संघ सोडावा, की हंगामात साठवलेल्या पैशांतून महागडा फोन घेऊन आपला खेळ त्यांना दाखवून द्यावा, असा त्याचा प्रश्न आहे.

प्रिय वाचक,

तुमच्या पत्राचा बराचसा भाग नेमाविषयी आहे. कोणत्या बंदुकीने किती लांबून किती जणांना टिपले हे तुम्ही तपशिलाने लिहिले आहे आणि ते वाचताना तुमचा हात खरोखर चांगला असावा याविषयी मला शंका वाटली नाही. मित्रांना खेळताना तुम्ही काय सांगता याविषयी मात्र सगळ्या पत्रात एकच वाक्य सापडते: ‘स्नायपरने शांत राहायचे असते, म्हणून मी फारसा बोलत नाही.’ माझ्या मते तुमच्या भांडणाचे मूळ या एका वाक्यात आहे आणि फोन, बंदूक, नवा मुलगा हे सगळे प्रश्न त्याच्या मागून येणारे आहेत. म्हणून आधी त्याच्याकडे वळू.

स्नायपर म्हणजे एकटा, अबोल आणि दूरवरून माणूस टिपणारा नेमबाज, ही प्रतिमा आपण पडद्यावर पाहत आलो आहोत. प्रत्यक्षात या कामाचा मोठा भाग पाहण्याचा आणि पाहिलेले सांगण्याचा आहे. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड लोव्हॅट यांनी १९०० मध्ये बोअर युद्धासाठी ‘लोव्हॅट स्काउट्स’ ही तुकडी उभी केली, तेव्हा तिच्यात डोंगराळ भागातील शिकारीच्या रानांत हरणांचा माग काढणारी माणसे घेतली होती. पुढे पहिल्या महायुद्धात याच तुकडीतील माणसे पश्चिम आघाडीवर दुर्बिणी घेऊन निरीक्षक म्हणून बसत आणि शत्रूच्या हालचाली मागे कळवत. खेळात विमानातून पडणाऱ्या पेटीतून, म्हणजे एअरड्रॉपमधून, तुम्हाला मिळतो तो गवताळ गिली सूट त्याच परंपरेतला आहे. आजही अनेक सैन्यांत स्नायपर जोडीने काम करतो आणि त्या जोडीतला एक जण प्रामुख्याने पाहण्यासाठीच असतो. तुमच्याकडे खेळात ही दोन्ही कामे आली आहेत. त्यांपैकी बंदुकीचे काम तुम्ही मनापासून करता आणि दुसरे करायचे राहून जाते.

आता ‘शेवटपर्यंत जिवंत मीच असतो’ या मुद्द्याकडे येऊ, कारण तो तुम्ही स्वतःच्या बाजूचा पुरावा म्हणून मांडला आहे. त्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. बीजीएमआयच्या मोठ्या स्पर्धांत अलीकडे रूढ असलेल्या पद्धतीत १६ संघ उतरतात. पहिल्या संघाला १० गुण, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ५, असे उतरत आठव्याला १ गुण मिळतो आणि प्रत्येक फिनिशला, म्हणजे शत्रूला पूर्ण बाद करण्याला, आणखी १ गुण असतो. तेव्हा तिघे गेल्यावर चौथ्याने झुडपात तग धरून संघाला आठव्यावरून चौथ्या क्रमांकावर नेले, तर त्याने तीन गुण कमावले, आणि गावच्या स्पर्धेत तीन गुणांनीही निकाल फिरू शकतो. परंतु पहिल्या क्रमांकाचे १० गुण एकट्या माणसाला क्वचितच मिळतात. शिवाय तुम्ही चांगले खेळलात म्हणून जिवंत राहिलात, की लढाई तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही इतके लांब होतात म्हणून जिवंत राहिलात, हा प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे. या दोन्ही गोष्टी निकालाच्या पडद्यावर सारख्याच दिसतात. मित्रांना मात्र त्या वेगवेगळ्या दिसतात, आणि त्यांची तक्रार यांतल्या दुसऱ्या गोष्टीविषयी आहे.

अंतराचा हा मुद्दा मी जरा सविस्तर मांडतो, कारण या भूमिकेतील बहुतेक तरुण इथेच फसतात. एरँगलच्या नकाशावर तिघे पोचिंकी गावाच्या घरांत शिरले आहेत आणि तुम्ही बाहेरच्या टेकडीवर ३०० मीटरवर बसला आहात, असे धरा. टेकडीवरून तुम्हाला छपरे दिसतात, एका बाजूच्या गल्ल्या दिसतात, मधले मोकळे शेत दिसते. मित्र ज्या घरात लढत आहेत त्याच्या पलीकडच्या दारातून कोण आत शिरले हे तुम्हाला दिसत नाही, आणि पळत जायचे म्हटले तरी सेकंदाला सुमारे सहा मीटर या वेगाने तिथे पोहोचायला पन्नास सेकंद लागतील. घरातली लढाई तेवढ्या वेळात दोनदा संपते. तुमच्या गोळीलाही अंतराचा हिशेब चुकत नाही. कार-९८ या तुमच्या स्नायपर बंदुकीची गोळी सेकंदाला सुमारे ७६० मीटर जाते. ३०० मीटरवर पोहोचायला तिला सेकंदाचे चार दशांश लागतात आणि पळणारा माणूस तेवढ्यात दोन मीटरांहून अधिक पुढे सरकलेला असतो. शिवाय गोळी वाटेत खाली उतरते. तुम्ही हा हिशेब नजरेने करता आणि अनेकदा बरोबर करता, हे मी मान्य करतो. पण १०० मीटरवर हाच फरक पाऊण मीटरच्या आसपास येतो आणि ज्या गोळ्या तुम्ही आज फुकट घालवता त्यांतल्या कितीतरी लागू लागतात.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की संघ लढाईच्या तयारीत असेल तेव्हा त्याच्यापासून साधारण ५० ते १०० मीटरच्या आत राहा, थोडे बाजूला आणि शक्य तर थोडे उंचावर. बाजूला अशासाठी, की समोरचा संघ तुमच्या मित्रांपासून ज्या भिंतीआड लपतो, त्या भिंतीची दुसरी बाजू तुम्हाला दिसावी. लांब पल्ल्याचे खरे प्रसंग खेळात येतातच: एरँगलवरच्या सोस्नोव्का बेटावरून मुख्य बेटावर येणाऱ्या दोन पुलांवर गाडी अडवायची असेल, मिरामार या नकाशाच्या उघड्या माळावर कोणी झोनकडे, म्हणजे सुरक्षित वर्तुळाकडे, धावत असेल, किंवा एअरड्रॉपभोवती कोणी घुटमळत असेल, तर ३०० मीटरही चालतात. तो अपवाद आहे आणि अपवादाच्या जागी कायमचे घर बांधू नये. सानहोकसारख्या ४ किलोमीटर बाजूच्या दाट झाडीच्या नकाशावर तर त्याची संधीही फारशी मिळत नाही.

टेहळणीसाठी संघापासून दूर जाणे वेगळे. सुरुवातीची लूट झाल्यावर, पुढचा झोन दिसताच, तुम्ही गाडी घेऊन पुढे जावे, ज्या घरांत किंवा ज्या उतारावर संघाला थांबायचे आहे तिथे कोणी आहे का ते पाहावे आणि जागा मोकळी असल्याचे कळवून बाकीच्यांना बोलावून घ्यावे, हे तुमचे हक्काचे काम आहे. तेव्हा अर्धा किलोमीटर दूर गेलात तरी कोणी तक्रार करणार नाही, कारण तुम्ही त्यांच्यासाठी गेला आहात हे त्यांना माहीत असते. पण मित्र येऊन पोहोचल्यावर तुम्ही तसेच पुढच्या डोंगराकडे निघून जाता, असे तुमच्याच पत्रातून दिसते. टेहळ्याचे काम परत येण्यापाशी पूर्ण होते, असे मला वाटते.

तुमच्या किनाऱ्यावर रापण ओढताना तुम्ही पाहिली असेलच. होडीतून अर्धगोल जाळे सोडले जाते आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरची माणसे ओढतात, पण जाळे कुठे आणि कधी सोडायचे हे पाण्याकडे डोळे लावून बसलेला जाणता रापणकार ठरवतो. मासळी दिसली म्हणून तो एकटाच गळ घेऊन पाण्यात उतरत नाही. तो हाक देतो आणि सगळे हलतात. तुमची हाक कशी असावी, याविषयी आता लिहितो.

‘इकडे आहे’, ‘माझ्या उजवीकडे’, ‘झाडामागे’ अशा हाका निरुपयोगी असतात, कारण चौघांची तोंडे चार दिशांना असतात आणि झाडे नकाशावर हजारो आहेत. पडद्याच्या वरच्या कडेला होकायंत्राचे अंश दिसतात, ते सांगण्याची सवय चांगली आहे. मात्र तिच्यातही एक खोच आहे. ते अंश तुम्ही उभे आहात त्या जागेवरून मोजलेले असतात. मित्रांपासून २०० मीटर समोर शत्रू आहे आणि तुम्ही मित्रांच्या ३० मीटर बाजूला आहात, तर तुमच्या आणि त्यांच्या दिशेत आठ-नऊ अंशांचा फरक पडतो, आणि तो चालून जातो. तुम्ही १५० मीटर बाजूला असाल, तर तोच फरक ३७ अंशांच्या आसपास जातो आणि तुम्ही सांगितलेल्या दिशेला पाहणारा मित्र भलत्याच भिंतीकडे बंदूक रोखून बसतो. ‘मी सांगितले होते, त्यांनीच ऐकले नाही’ अशी तुमची जी तक्रार आहे, तिचे एक कारण हे असू शकेल. लांब असाल तेव्हा शत्रूच्या जागेवर खूण टाका. ती प्रत्येकाच्या पडद्यावर त्याच्या जागेवरून आणि त्याच्या अंतरासह दिसते. जवळ असाल तेव्हा अंश सांगा. दोन्ही वेळा पुढचा क्रम तोंडात बसू द्या: आधी जागा, मग किती जण, मग काय करत आहेत, आणि शेवटी त्यांना आपण दिसलो आहोत की नाही. ‘एकशे पाच, दीडशे मीटर, दोघे, दगडामागे इलाज करतात, आपल्याला पाहिलेले नाही’, एवढे पुरते. यातला शेवटचा तुकडा बहुतेक जण गाळतात, आणि पुढे जायचे की दबा धरायचा हे ठरवायला तुमच्या संघनायकाला तोच सर्वांत जास्त हवा असतो.

शांत राहायचे असते, हे तुमचे म्हणणे मी पूर्ण मोडीत काढत नाही. बडबड्या टेहळ्या अबोल टेहळ्यापेक्षा वाईट. मित्र घरात शिरून जिन्यावरच्या पावलांचा आवाज ऐकत असेल, तेव्हा तुम्ही आपल्या हुकलेल्या गोळीबद्दल हळहळत बसलात, तर त्याचे कान तुम्ही बंद केले. जी गोष्ट ऐकून एखादा मित्र काही वेगळे करील, तीच सांगा. बाकीची सामना संपल्यावर सांगा.

याच्या पुढचा प्रश्न गोळी कधी झाडायची, हा. तुम्हाला शत्रूचे डोके दिसले, की बोट आपोआप कळीवर जाते, आणि चांगला नेम असलेल्या माणसाला हा मोह टाळणे कठीण असते. पण पहिली गोळी सुटताच चौघांच्या जागेचा पत्ता समोरच्यांना लागतो. आवाज दाबणारा सप्रेसर लावलात तर तो ओळखणे अवघड होते, एवढेच. तुमचा संघ उघड्यावरून एका आडोशाकडून दुसऱ्याकडे धावत असेल आणि समोरच्यांना त्याची खबर नसेल, तर तुमची सर्वोत्तम गोळी ही न झाडलेली गोळी आहे. उलट मित्र तयार असतील, कोणी एक जण स्मोक, म्हणजे धुराचा बॉम्ब, हातात घेऊन उभा असेल आणि तुम्ही ‘पाडतो, लगेच निघा’ असे सांगून एकाला खाली पाडलेत, तर समोरचा संघ क्षणात तिघांचा होतो. पडलेल्याला उठवायला त्यांच्यातल्या एकाला सुमारे दहा सेकंद अडकून पडावे लागते. म्हणजे तेवढा वेळ प्रत्यक्ष लढायला दोघेच उरतात. तुमच्या नॉकची, म्हणजे असे पाडण्याची, खरी किंमत ही दहा सेकंदांची आहे. तुमचे मित्र त्या वेळी २०० मीटर दूर पाठ फिरवून लूट करत असतील, तर पडलेला माणूस उठतो, औषध घेतो आणि तुमच्या डोंगराकडे बंदूक वळवतो. तुम्ही लिहिले आहे, की एका सामन्यात तुम्ही पाच जणांना पाडले आणि फिनिश मात्र एकच मिळाला, आणि याचा दोष तुम्ही मित्रांच्या सावकाशीला दिला आहे. त्यांना आधी सांगितले होते का, याचा उल्लेख पत्रात नाही.

एक गोळी लागल्यावर त्याच झुडपातून दुसरी मारण्याचा हट्ट करू नका, कारण समोरच्यांची नजर आता तिथेच आहे. जागा निवडताना टेकडीच्या माथ्यावर उभे राहू नका. आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा माणूस बऱ्याच लांबून ओळखू येतो. माथ्याच्या किंचित खाली, पाठीमागे झाडी किंवा खडक असेल अशा जागी बसा आणि बसण्यापूर्वी निघण्याची वाट पाहून ठेवा. आपल्याकडे हा खेळ बहुतेक जण पाठीमागून दिसणाऱ्या दृश्यात खेळतात, त्याचाही उपयोग करून घ्या: भिंतीमागे पूर्ण लपून, डोळ्याचे बटण ओढून, डोके बाहेर न काढता पलीकडचे पाहता येते. स्कोप डोळ्याला लावून बसणे हे टेहळणीचे साधन म्हणून बरेच कमी दर्जाचे आहे. आठपट स्कोपमधून एक खिडकी स्पष्ट दिसते आणि शेजारून चढून येणारा माणूस दिसत नाही.

बंदुकांविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही कार-९८ आणि मिनी-१४ अशी जोडी बाळगता. दोन्ही लांब पल्ल्याच्या, म्हणजे घरात शिरायची वेळ आली, की तुम्ही संघाच्या हिशेबात उरतच नाही. ‘पुढे ये’ असे मित्र म्हणतात, त्यामागे ही अडचण असणार. एका हातात एम४१६ सारखी रायफल असलीच पाहिजे. दुसऱ्या हातात काय, हे तुमच्या संघाच्या स्वभावावर ठरवा. कार-९८ किंवा एम२४ ची डोक्यात बसलेली एक गोळी दुसऱ्या पातळीच्या हेल्मेटसह माणसाला पाडते. तिसऱ्या पातळीच्या हेल्मेटपुढे मात्र एका गोळीत हे काम करणारी एडब्ल्यूएम एअरड्रॉपमध्येच मिळते. मिनी-१४ किंवा एसकेएस सहसा एका गोळीत पाडत नाहीत, पण एकामागून एक गोळ्या लावून समोरच्याला डोके वर काढू देत नाहीत, आणि मित्र त्या वेळात पुढे सरकू शकतात. माझे मत विचाराल तर, तुमच्या संघासारख्या धावून जाणाऱ्या संघाला ही दुसरी जात अधिक उपयोगी पडेल, जरी तिच्यात ऐट कमी असली तरी. मिनी-१४ आणि एम४१६ ला एकाच जातीची ५.५६ ची गोळी लागते, त्यामुळे पिशवीत स्मोक बॉम्बना जागाही उरते. ते तुम्ही बाळगता की नाही, हे पत्रात नाही; बाळगत नसाल तर बाळगू लागा. पडलेल्या मित्रापर्यंत पोहोचण्याचा मार्ग अनेकदा तुम्हाला वरून सर्वांत आधी दिसतो.

एवढे लिहिल्यावर मित्रांच्या बाजूचाही थोडा हिशेब घ्यायला हवा, नाहीतर सगळा भार तुमच्यावर टाकल्यासारखे होईल. ‘कव्हर दे’ असे म्हणून तिघांनी तुम्हाला न सांगता, तुम्हाला दिसत नाही अशा बाजूने घरात शिरायचे आणि मग कव्हर मिळाले नाही म्हणून ओरडायचे, हे न्याय्य नाही. ज्याला दिसत नाही तो राखण करू शकत नाही. स्नायपर असलेल्या संघाने धावून जाण्यापूर्वी ‘आता जातो, उत्तरेच्या दारातून’ एवढे चार शब्द बोलणे आणि त्याच्या ‘हो’ची दोन सेकंद वाट पाहणे, ही त्यांची जबाबदारी आहे. हे त्यांना सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. मात्र हरलेल्या सामन्याच्या मध्यरात्री, चौघांच्या माइकवर, ते सांगू नका. मुंबईचा मित्र गणपतीला गावी येईल, रत्नागिरीचाही येईल. आरती झाल्यावर पडवीत बसून एक-दोन सामन्यांचे रेकॉर्डिंग चौघांनी एकत्र पाहा. त्यातला आवाजही रेकॉर्ड झालेला असू द्या, कारण काय दिसले यापेक्षा काय सांगितले गेले हे ऐकणे अधिक उपयोगाचे ठरेल. ‘माझे काय चुकते’ असे मोघम विचारण्याऐवजी, सामना त्यांच्या मरण्याच्या क्षणी थांबवून ‘या वेळी माझ्याकडून काय कळले असते तर तू वाचला असतास’ असे विचारा. पहिल्याचे उत्तर टोमण्यात मिळेल, दुसऱ्याचे माहितीत मिळेल.

भूमिका सोडावी का, या प्रश्नाचे माझे उत्तर तूर्त ‘नाही’ असे आहे, पण काही दिवस ती उसनी द्यावी असे मला वाटते. स्पर्धेपूर्वी काही रात्री तुम्ही रायफल घेऊन सर्वांत पुढे शिरा आणि तो नवा मुलगा किंवा तुमच्यापैकीच एक जण डोंगरावर बसू दे. घराच्या दारात उभे असताना वरून आलेली कोणती हाक कामाची वाटते आणि कोणती कटकटीची, हे तुम्हाला दुसऱ्या कोणाच्या सांगण्यातून कळणार नाही. त्यांनाही डोंगरावरून किती कमी दिसते हे कळेल. नंतर परत आपल्या जागी या आणि सरावाचे काही सामने असे खेळा, की मित्राने ‘मार’ म्हटल्याशिवाय लांबची गोळी झाडायची नाही, फक्त पाहायचे आणि सांगायचे. हे कंटाळवाणे आहे, तुम्ही चिडाल, आणि पहिल्या एक-दोन रात्री संघ अधिकच हरेल. नेमाच्या सरावासाठी खेळातले प्रशिक्षण मैदान आहेच. तो सराव सामन्याच्या वेळेत करू नका.

संघ सोडण्याविषयी मी फार लिहिणार नाही. बोलण्याची सवय तीच राहिली, तर नव्या संघातही काही महिन्यांत हेच वाक्य ऐकू येईल, फक्त कदाचित मालवणीऐवजी हिंदीत.

राहिला फोन. सेकंदाला अधिक फ्रेम, म्हणजे चित्रे, दाखवणारा, न तापणारा फोन घेतल्याने खेळ सुधारतो हे खरे आहे, आणि जायरोवर, म्हणजे फोन कलवून, नेम धरणाऱ्याला तर पडदा अडखळला की लगेच जाणवते. पण तुमच्या पत्रात वर्णन केलेल्या पराभवांपैकी एकही फ्रेममुळे झालेला मला दिसत नाही. शिवाय नव्या फोनवर सेन्सिटिव्हिटी बसवायला आणि हाताला वळण लागायला वेळ जातो. स्पर्धेच्या तोंडावर तो बदल करणे धोक्याचे आहे. हंगामाचा पैसा पुढच्या वर्षीच्या फवारणीसाठी आणि खतासाठीही लागणार आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्याऐवजी हजार-दोन हजारांत बसणाऱ्या दोन गोष्टी घ्या: एक चांगला वायरचा हेडफोन, कारण बिनतारी हेडफोनवर पावलांचा आवाज किंचित उशिरा येतो आणि तुमच्या कामात तो उशीर परवडत नाही; आणि राउटरसाठी एक छोटा बॅटरी बॅकअप, कारण श्रावण-भाद्रपदात संध्याकाळी वीज गेली, की सरावही जातो आणि मित्रांना वाटते, की तुम्ही रागावून निघून गेलात.

आणि एवढे सगळे करूनही मित्रांनी नव्या मुलालाच घ्यायचे ठरवले तर? अनेक स्पर्धांत चौघांबरोबर एक राखीव खेळाडू नोंदवता येतो. तुमच्या स्पर्धेचा नियम तसा असेल, तर नाव नोंदवताना पाच नावे द्या आणि कोणत्या नकाशावर कोण खेळणार हे आधीच ठरवून टाका: मिरामार आणि एरँगलवर तुम्ही, सानहोकवर तो. नियम तसा नसेल, तर सरावाचे शेवटचे काही सामने दोघांनी आलटून पालटून खेळावेत आणि निवड उरलेल्या तिघांनी करावी, तुम्ही किंवा त्या मुलाने नव्हे. निकष फिनिशचा ठेवू नका. तुमच्या हाकेवर तिघे किती वेळा योग्य दिशेला वळले, हे त्यांना सहज सांगता येईल.